इनासभाऊंचे उतारू

शारजात आल्यावर लिफ्टमध्ये भेटलेल्या पहिल्या मराठी माणसाने माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं, "ताई, तुमचे आजोबा कोणत्या बोटीने गेले?" मी म्हटलं, माझे आजोबा कुठेच गेले नाहीत, सांगलीच्या बाजाराला जायचे, तेही बैलगाडीने. त्याने खिशातून वही काढली आणि लिहिलं: बैलगाडी. घर घेताना माझ्या मुलाने भाडं विचारलं, पार्किंग विचारलं, वर कोण राहतं ते विचारलं नाही.

वर हेच वहीवाले इनासभाऊ राहतात. वसईचे ख्रिस्ती, सत्तरीला आलेले. दुबईतल्या एका हॉटेलात पस्तीस वर्षं स्वयंपाकी होते, आता अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लेक-जावयाकडे असतात. ती दोघं सकाळी ऑफिसला गेली की इनासभाऊ कॉम्प्युटर उघडतात आणि जुन्या बोटींच्या उतारूंच्या याद्या वाचतात. मुंबईहून कोण निघालं, कुठल्या बंदरात कोण उतरलं. या याद्या बघायचे महिन्याला साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये. एवढ्यात जिवंत माणसांशी बोलता येईल, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "जिवंत माणसं काय ताई, कुठेही सापडतात."

आमचा वॉचमन केरळचा. त्यालाही बोट विचारली. तो म्हणाला, साब, मैं तो एअर से आया. इनासभाऊंनी फ्लाइटचा नंबर मागितला, मग सीटचा. सुटका व्हावी म्हणून त्या गरिबाने काहीतरी ठोकून दिलं. तेही वहीत गेलं.

माझ्या मुलाला बढती मिळाली तेव्हा आम्ही त्याच्या साहेबांना जेवायला बोलावलं. इनासभाऊंना बोलावलं नसतं तर बरं झालं असतं, पण खालीवर राहतो, वाईट दिसतं. साहेब सांगत होते, आमच्या पणजोबांची मस्कतला पेढी, स्वतःची गलबतं. इनासभाऊंनी साहेबांचं आडनाव आठवडाभर आधीच माझ्याकडून काढून घेतलं होतं. त्यांनी आमरसाची वाटी खाली ठेवली आणि शर्टाच्या खिशातून कागद काढला. "खलास, सापडला तुमचा माणूस." पणजोबा खरंच यादीत होते. तिकीट सगळ्यात स्वस्त, उघड्या डेकचं, सामान एक चटई आणि दोन बकऱ्या. इनासभाऊंचा चेहरा असा, जणू आहेर दिलाय. साहेब आमरस टाकून उठले. मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही, जणू बकऱ्या मी चढवल्या होत्या.

दुसऱ्यांचे पूर्वज त्यांना असे भराभर सापडत. सापडत नव्हता तो स्वतःचा बाप.

बाप पाव भाजणारा. इनासभाऊ दोन वर्षांचे असताना दुबईला जायला निघाला. तेव्हा तिथे बोट लांब उभी राहायची आणि माणसांना होड्यांतून खाडीत आणायचे. हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्या होडीत मीच बसले होते असं वाटतं. पुढे त्याचं पत्र नाही, निरोप नाही. गावाने ठरवून टाकलं की हा बोटीवर चढलाच नाही, मुंबईतच दुसरं घर करून बसला. इनासभाऊंची थोरली बहीण रेमेतबाय तेव्हा चौदा वर्षांची. तिने त्याला धक्क्याच्या फाटकातून आत जाताना पाहिलं होतं. बाबा बोटीने गेला, एवढ्या एका वाक्यावर ती गावाशी पासष्ट वर्षं भांडली. देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, पायरीवर भांडली, लोकांच्या लग्नांत भांडली. पळालेल्या माणसाची मुलगी म्हणून तिचं स्वतःचं लग्न काही झालं नाही. आईला तिने सांभाळलं, धाकट्या भावाला तिने वाढवलं. आता अंथरुणावर आहे आणि दर रविवारी फोन करून एकच विचारते, मिळाला का?

फोनवर ती माझ्याशीही बोलायची. तुम्ही तोंडावर बोलता म्हणून तुमच्यावर विश्वास, म्हणायची. भावावर नव्हता. तो मायेपोटी खोटं बोलतो, लहानपणापासून.

एका रविवारी इनासभाऊंनी मला वर बोलावलं. कॉम्प्युटरवर हाताने लिहिलेलं एक पान होतं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं येतं. पण त्यांनी बोट ठेवलेल्या नावावर आडवी रेघ होती, आणि ती मला वाचता आली. मी शाळा सोडली तेव्हा मास्तरांनी हजेरीपटावर माझ्या नावावर तशीच मारली होती.

"चढला नाही?" मी विचारलं.

"तिकीट काढलं होतं. बोट सुटेपर्यंत आला नाही, असं लिहिलंय."

पस्तीस वर्षं हा माणूस सुटीच्या दिवशी दुबईतल्या बेकऱ्या धुंडाळत फिरला होता. बाप वसईपासून दोन तासांवर बसला होता.

"म्हणजे गाव खरं बोलत होतं," मी म्हटलं. मला धीर वगैरे देता येत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. इनासभाऊंनी तो स्पीकरवर टाकला आणि बहिणीने विचारायच्या आत म्हणाले, "बाय, मिळाला. उतरला तो इथे." पुढे सांगत सुटले, सकाळची वेळ, समुद्र शांत, होडीत आणखी आठ जण. नजर त्या रेघेवरच होती.

मग रेमेतबाय म्हणाली, "त्या ताईंना दे."

फोन माझ्या हातात आला.

"ताई, तुम्ही पाहिलंत?"

मी आजवर सुनेला तिची आमटी चांगली झाली असंसुद्धा खोटं सांगितलेलं नाही.

"पाहिलं," मी म्हटलं. "तुमचा बाबा उतरला. हातात पेटी होती."

"हिरवी," ती म्हणाली. "फाटकापर्यंत मीच उचलली होती." आणि तिकडे कुणाला तरी ओरडली, "समोरच्या म्हातारीला बोलवा. आत्ता बोलवा. मला तिला सांगायचंय."

फोन ठेवून मी इनासभाऊंना झापलं. म्हटलं, उद्या सगळी वसई विचारायला येईल, तेव्हा काय करणार?

"मला तो माणूस आठवतही नाही, ताई," ते म्हणाले. "माझ्यासाठी मी त्याला कधी शोधलंच नव्हतं."

त्यांनी ते पान बंद केलं. थोड्या वेळाने म्हणाले, पुढच्या रविवारी ती विचारेल, बाबा कामाला कुठे लागला. बेकरी खाडीच्या या काठाला देऱ्यात सांगू की त्या काठाला बर दुबईत?

"देऱ्यात," मी म्हटलं. "पण पत्र का नाही पाठवलं, ते आधी ठरवा."

दुपारपर्यंत आम्ही दोघं तेच ठरवत बसलो.