मुळे मॅडमच्या उपाशी पिसवा

आमच्या प्राणिशास्त्राच्या मुळे मॅडम हजेरीआधी विचारतात, "काय खाऊन आलात?" कुणी "काही नाही" म्हटलं की त्यानं बाकावरच डबा उघडायचा, तो संपेपर्यंत शिकवणं बंद. कॉलेजात येणारी मी आमच्या घरातली पहिलीच. मला वाटलं, सगळीकडे असंच असतं.

मॅडमचा खरा जीव डॅफ्नियांवर. म्हणजे पाण्यातल्या पिसवा, बाजरीच्या दाण्याएवढ्या. अंग काचेसारखं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली आतडं दिसतं. बारीक हिरवं शेवाळ खाल्लं की हिरवंगार. "हिचं झालं. ही आत्ता बसली पंगतीला," मॅडम पुटपुटतात.

माझा प्रकल्प त्यांनीच ठरवला. एका बरणीत हे बारीक शेवाळ, दुसरीत चारठाणा गावाकडच्या तळ्यातलं निळं-हिरवं, धाग्यांचं. ते पिसवांच्या केसाळ पायांत गुंततं. शेपटीकडच्या नखीनं त्या ते बाहेर ढकलतात आणि उपाशी राहतात. हेच परीक्षकांना दाखवायचं होतं. नापास झाले असते तर माझे वडील, दादा, मला पुन्हा इथं सेलूला कॉलेजात पाठवणार नव्हते.

परीक्षेच्या सकाळी दुसऱ्या बरणीतली पिसू काचेवर घेतली. आतडं हिरवंगार! दुसरी घेतली, तीही तशीच.

"मॅडम, ह्या जेवल्या कशा?"

"आं?" मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"बरण्या कुणी बदलल्या का?"

"न्हाई गं. बरण्या कशाला कोण बदलंल?"

तेवढ्यात परीक्षक आले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "ह्या उपाशी? ह्या तर ढेकर द्यायल्यात! निष्कर्ष काय लिहायचा?"

मी म्हणाले, "सर, दोन्हींची पोटं भरलेली दिसतात. कशामुळं, ते मला माहीत नाही."

परीक्षकांनी पेन उघडलं.

"थांबा सर," मॅडम म्हणाल्या. "तिचं चुकलं न्हाई. रोज संध्याकाळी मीच थेंबभर चांगलं शेवाळ टाकायले त्यात. सगळे घरी गेले की इथं मी आन त्या, एवढेच. त्या तळाला पडून राहायल्या. न्हाई बघवलं."

मग परीक्षकांनी पेन मिटलं. "नव्यानं लावा प्रयोग. पुढच्या आठवड्यात येतो."

ते गेल्यावर मॅडमनी शेवाळाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "तूच ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

आणि खुर्ची व्हरांड्यात नेऊन, प्रयोगशाळेकडे पाठ करून बसल्या.