तीन हाका

कोशकारांच्या बायकोला तीन दिवस ताप होता आणि कोशकार तीन दिवस ‘शुश्रूषा’ या शब्दापाशी अडले होते. आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात यावं कसं?

शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून सेवा, त्यावरून आजाऱ्याची देखभाल. इथवर ठीक होतं. उदाहरणाचं वाक्य मात्र जमेना. जुन्या कोशांत जिकडेतिकडे पत्नी पतीची, सून सासऱ्याची शुश्रूषा करत होती. शब्द स्त्रीलिंगी म्हणून काय कामही बायकांचंच? कोशकारांना मनापासून वाईट वाटलं. बायकोच्या उशाशी बसून त्यांनी कार्डावर लिहिलं, ‘पतीने पत्नीची अहोरात्र शुश्रूषा केली.’ स्टुलावरची सगळी कार्डं गोळा करून ते खुशीत आपल्या खोलीत गेले. मागून “अहो” ऐकू आलं. “आलोच,” म्हणाले आणि ती कार्डं खणात घालून पुढच्या शब्दाला लागले.

दुपारी गोळी द्यायला गेले, तर डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा लिहून दिलेलं कार्ड गायब. या घरात कोरा कागद म्हणजे कोशाचं कार्डच, त्यामुळे डॉक्टरांनीही त्यावरच लिहिलं होतं. गोळ्या तीन रंगांच्या. डॉक्टरांचा फोन लागेना. बायको तापाच्या ग्लानीत होती, आणि कोशकार कार्डांच्या खणांकडे धावले. त्यांनी ‘औषध’ पाहिलं, ‘गोळी’ पाहिली, ‘ताप’ पाहिला. कार्डं खणात लावण्याचं काम तीस वर्षं बायकोचं, त्यामुळे यांना शोधायचं कसं तेही येईना. घाईघाईत सहा खण पालथे झाले.

त्या आवाजाने बायको भिंत धरत आली. तिने ‘श’चा खण उघडला, वरचं कार्ड वाचलं, त्याला चिकटलेलं डॉक्टरांचं कार्ड सोडवलं, स्वतःच पाणी ओतून गोळी घेतली आणि जमिनीवर बसून विखुरलेली कार्डं लावू लागली.

“तू पड, मी आवरतो.”

“तुम्हाला नाही जमायचं.”

कोशकार ओशाळून तिच्याजवळ बसले. “तुला कसं कळलं, ते तिथे आहे?”

“तुमच्या गठ्ठ्यात गेलेलं दिसलं होतं मला.”

“मग सांगायचं नाही का तेव्हाच?”

“तीन हाका मारल्या,” ती म्हणाली. तिचा हात अजून तापलेला होता.

कोशकारांनी खिशातलं पेन काढलं. उदाहरणाचं वाक्य त्यांनी खोडलं. मूळ अर्थ तेवढा तसाच राहू दिला.