बोनसच्या अटी, सोप्या मराठीत

धर्मपालने चौतीस कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "काकाजी, एवढं मराठीत करून द्या. शब्दाले साठ पैसे."

गोवर्धनराव खुमकरांनी चष्मा चढवला. धर्मपालचं अकोल्यात टायपिंगचं दुकान होतं. खरेदीखतं, मृत्युपत्रं, असलं भाषांतराचं काम तो त्यांच्याकडे आणायचा. हे मात्र मोबाईलवर चाकं फिरवून पैसे लावायच्या कुठल्याशा परदेशी खेळाचं होतं. बोनस कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर, याचं.

"जुगार आहे हा."

"खेळ जुगार आहे काकाजी. अटी त कागद आहे न."

नाही म्हणता आलं असतं. पण निवृत्तीनंतर गोवर्धनरावांचे दिवस जाता जात नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी शेतीची माहितीपत्रकं लिहिली होती. 'फवारताना तोंडाला फडकं बांधा. वाऱ्याकडे तोंड करू नका.' वाक्यं छोटी, शब्द घरातले. "जरा भारदस्त लिहा, खुमकर," असं साहेब म्हणायचे, ते त्यांनी कधी ऐकलं नाही. बोंडअळीच्या सालात फवारणी करणारी माणसं विषबाधेने एकामागून एक दवाखान्यात यायला लागली, तेव्हा गावाकडच्या एका ओळखीच्याला बघायला ते गेले होते. खाटेशेजारी भाकर ज्या कागदात बांधलेली होती, तो त्यांच्याच माहितीपत्रकाचा होता. वाचायला म्हणून तो कोणी कधी उघडलाच नव्हता. हे त्यांनी घरी सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं.

तिसऱ्याच पानावर गाडं अडलं. त्यांच्या पत्नी केशरबाई शेजारी सुपात तूर निवडत होत्या. गोवर्धनरावांनी त्यातले मूठभर दाणे ओढले.

"हे पाह्य. मी शंभर भरले. कंपनीनं वरून शंभर देले."

"मंग उचला न."

"उचलता येत नाई. आधी चार हजाराचं खेळा लागते. तेच पैसे लावायचे, आले का पुन्हा लावायचे. चाळीस फेरे."

केशरबाई दाणे इकडून तिकडे सरकवू लागल्या. दर फेऱ्याला दोन-चार दाणे कंपनीची म्हणून ठेवलेल्या वाटीत जात होते. चाळीस फेरे व्हायच्या आत त्यांच्यापुढची फरशी साफ झाली.

"म्हंजे ते काईच देत नाईत, अन् वरून आपलेई गेले," त्या म्हणाल्या. "असंच लिहा न मंग!"

गोवर्धनरावांनी तसंच लिहिलं. 'बोनस म्हणून दिसणारे पैसे तुमचे नाहीत. ते हातात पडेपर्यंत बहुधा तुमचे स्वतःचेही संपतील. सात दिवसांत चाळीस फेरे झाले नाहीत, तर सगळं रद्द.' मूळ कागदात हे सगळं होतंच, फक्त सात घड्यांत गुंडाळलेलं. कंपनी हे तोंडावर फेकेल, अशी त्यांची खात्री होती. पण त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी त्यांनी भाताला दुसऱ्यांदा ताट पुढे केलं.

कंपनीत मराठी कोणाला येत होतं! त्यांनी ते जसंच्या तसं खेळात टाकून दिलं.

आठवड्याने शेजारचा अब्दुल गफ्फार मोबाईल घेऊन आला. त्याचं गाद्या भरायचं दुकान. कापूस बुडाल्यापासून लग्नं पुढे ढकलली जात होती आणि लोक जुन्याच गाद्या उन्हात टाकून वापरत होते. त्यात कापूस पिंजायच्या यंत्राची मोटर जळालेली.

"गोवर्धनभाऊ, हे तुमी लिवलं म्हने. धर्मपाल सांगत होता."

ओळीखाली बोट ठेवून त्याने सगळं मोठ्याने वाचलं, एक शब्द न गाळता. गोवर्धनरावांचं लिहिणं त्यांच्यासमोर शेवटपर्यंत वाचणारा हा पहिलाच माणूस.

"समजलं?"

"पूरं समजलं. बोनस आपला नाई. चाळीस फेरे. सात दिवस."

"मंग?"

"मंग काय, मोटरीसाठी ठेवलेले साडेतीन हजार भरले त्यात."

"अरे, काहून?"

"भाऊ, बियान्याच्या थैलीवर काय लिवलं असते, समजते कोनाले? विम्याच्या कागदावर? आजवर मले इतकं साफ कोनीच नाई सांगतलं. हे कंपनी सीधं म्हनून राह्यली, पैसे जातीन बाप्पा. कोनीतरी ईमानदार मानूस हाय तिथं."

"तो मानूस मी आहे! अन् मी तिथं नाई, इथं आहे!"

"म्हनून त भरोसा," गफ्फार शांतपणे म्हणाला.

गोवर्धनरावांनी पुन्हा तूर मांडून दाखवली. गफ्फारने मान डोलावली, सगळं पटलं म्हणाला, आणि चौथ्या दिवशी मोटरीचे पैसे संपले. पाचव्या दिवशी धर्मपाल पेढे घेऊन आला.

"काकाजी, कंपनी खूश! मराठीवाली गिऱ्हाइकं तिप्पट झाली. अटी बदलल्या, बावीस पानं आहेत. आता शब्दाले रुपया."

गोवर्धनरावांनी गठ्ठा ठेवून घेतला. केशरबाईंनी पेढ्यांचा पुडा धर्मपालच्या हातात परत दिला, आणि तो गेल्यावर नवऱ्याकडे वळल्या. "घेतलं काहून?"

"मी नाई घेतलं त दुसरा कोनी सोपं लिहिन."

तीन दिवस ते दार लावून बसले. जे शब्द त्यांनी जन्मभर लाल शाईने खोडले, तेच आता एकेक करून कागदावर उतरत होते. 'उपरोक्त परिच्छेदान्वये विहित मर्यादेच्या अधीन राहून, तत्सम अधिलाभांश रकमेच्या प्रत्याहरणार्थ...'

"हे कोनाले समजीन?" केशरबाईंनी विचारलं.

"कोनालेच नाई. भरोसाच बसला नाई पाह्यजे."

नव्या अटी लागल्या त्या दिवशी ते स्वतः गफ्फारच्या दुकानात गेले. तो बंद यंत्राशेजारी बसला होता. दुकानातला उरलासुरला कापूस त्याने सकाळीच विकून पैसे मोबाईलात भरले होते.

"वाच बरं," गोवर्धनराव म्हणाले.

गफ्फारने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ओठ हलले. दुसऱ्या ओळीला थांबले. कपाळाला आठी पडली. गोवर्धनराव श्वास रोखून ती आठी बघत राहिले.

मग गफ्फारचा अंगठा पडद्यावरून सरसर खाली गेला आणि त्याने 'मान्य' दाबलं.

"न वाचता?"

"तुमी लिवलं म्हन्ल्यावर काय वाचा लागते, भाऊ?" गफ्फारने गोणपाट झटकून त्यांना बसायला टाकलं आणि चाकं फिरवली.