चरबीमुक्त शाळेतला एक रेणू

सर्व संबंधितांना माहीत आहेच की आमची शाळा गेल्या सहामाहीपासून संपूर्णपणे चरबीमुक्त आहे. मी शाळेचा पर्यवेक्षक, आणि चरबीमुक्ती समितीचा पदसिद्ध सचिवही मीच. कँटीनची कढई जप्त होऊन माझ्या कपाटात पडली आहे. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालणंही आम्ही बंद केलंय. दारं किंचाळतात, पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना विज्ञानाच्या बाईंनी प्रदर्शनासाठी सभागृहात चक्क चरबीचा रेणू मांडला. थर्माकोलचे गोळे, तारा आणि खाली पाटी: 'मानवी शरीरातील चरबी'. ग्लिसरॉलचा बुटका कणा आणि त्याला लटकलेल्या तीन लांबच लांब साखळ्या.

हेडबाईंनी कपाळावर हात मारला. "शाळेत चरबी? तीही उघड्यावर?"

"थर्माकोलची आहे, मॅडम."

"आज थर्माकोलची, उद्या खरी. समिती बोलवा!"

विज्ञानाच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. "सर, काहीतरी करा हो. तीन वर्षं हंगामी आहे मी. तपासणीचे साहेब हे प्रदर्शन बघून मला कायम करणार आहेत. घर माझ्या एकटीवर चालतं." मला खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटणं पर्यवेक्षकाच्या अधिकारात बसत नाही.

समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला. मॉडेल राहू द्यावं, पण बारीक करावं. "तीन साखळ्या कशाला?" हेडबाई म्हणाल्या. "दोनांत भागत नाही?"

"एक जरी काढली तरी तिला चरबी म्हणता येत नाही, मॅडम."

"मग अडलंय कुठे?" एक साखळी तोडण्यात आली.

उरलेल्या दोघींपैकी एक मधेच वाकलेली होती. ती बघून पीटीच्या सरांचं डोकं फिरलं. "ही अशी वाकडी का उभी?"

"तिथे दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध आहे, सर. त्या वाकण्यामुळेच चरबी पातळ राहते. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि गोठून बसतात."

"सरळ, चिकटून, गप्प. यालाच रांग म्हणतात, बाई!" सरांनी डब्यातले हायड्रोजनचे दोन गोळे त्या जागी खुपसले आणि साखळी काठीसारखी ताठ केली.

"अहो सर, चांगल्या चरबीची वाईट चरबी केलीत तुम्ही!"

"वाईट?" हेडबाई ताडकन उठल्या. "वाईट चरबी माझ्या शाळेत? काढा त्या दोन्ही!"

राहता राहिलं ग्लिसरॉल. ते चवीला कसं असतं, असं मी सहज विचारलं. "गोडसर," बाई बिचाऱ्या खरं बोलल्या. साखरेवर बंदी आधीच होती. तेही गेलं.

साहेब आले आणि पाटी लावलेल्या रिकाम्या स्टँडपुढे बराच वेळ उभे राहिले. "वा! चरबीचं इतकं चरबीमुक्त मॉडेल मी आजवर पाहिलं नव्हतं." पहिला नंबर तिथेच जाहीर झाला. बाईंना कायम करण्यासाठी त्यांनी पेनही उघडलं. अशा वेळी माणसाने गप्प बसावं की नाही? पण बाईंना राहवेना.

"साहेब, तो नुसता स्टँड आहे हो. आणि चरबीवाचून जगणार कसं? पाणी वगळलं तर आपल्या मेंदूचा निम्म्याहून जास्त भाग चरबीचाच असतो."

पेनाला टोपण बसलं. "म्हणजे तुम्ही रोज शाळेत चरबी घेऊन येता?"

"सगळेच येतात, साहेब!"

"मी नाही," पीटीचे सर छातीठोकपणे म्हणाले. मग हेडबाईंनी इन्कार केला. मग मी केला. बाई त्याच दिवशी घरी गेल्या. जाताना दार फार किंचाळलं, ते अजून माझ्या कानात आहे.

प्रश्न उरला मुलांचा. म्हणून पालकसभा घेतली आणि शाळेत येताना कोणीही मेंदू आणू नये, असा ठराव मांडला. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, मोबाइलमध्ये मान घालून. कोणाची हरकत, असं मी तुमच्याकडे बघून दोनदा विचारलं. तुम्ही मान वर न करता एवढंच म्हणालात, "मार्क कमी नाही ना होणार?"

"छे हो, उलट वाढतील," मी म्हटलं. तुम्ही हात वर केलात.

वाढलेत की!