पाकिटावरचा थॅडियस

सकाळी नऊला ऑरविल स्टॅनेकच्या सॉसेजच्या दुकानात चार हजार छापील पाकिटं येऊन पडली. प्रत्येकावर थॅडियस पूलचा हसरा चेहरा. थॅडियस म्हणजे बेलफोर्ड कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातला एकशे चाळीस किलोंचा पहाड. चेंडू फेकणाऱ्यापुढे उभं राहायचं आणि अंगावर येणाऱ्याला आडवं करायचं, एवढंच त्याचं काम. अशा गड्याला जाहिरात कोण देणार? सगळ्या जाहिराती चेंडू फेकणाऱ्याला.

चाळीस वर्षांपूर्वी बेलफोर्डच्या संघात त्याच जागेवर ऑरविल खेळत असे. तेव्हा कॉलेजच्या खेळाडूला जाहिरातीचे पैसे घ्यायला बंदी होती; कुणाचं फुकट सँडविच खाल्लं तरी चौकशी लागायची. नियम बदलल्यावर तो स्वतः मैदानावर जाऊन थॅडियसला भेटला होता आणि पाकिटावरच्या फोटोचे पैसे देऊन आला होता. "आपल्या जागेवरचा पोरगा पाकिटावर!" हे तो गावभर सांगत फिरला.

अकराला त्याची बायको लॉर्ना फोन नाचवत आली. "तुझा पहाड हलला रे!"

"म्हणजे?"

"कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीत नाव घातलंय. हार्लन कॉलेजला चाललाय."

ऑरविल मटकन खुर्चीत बसला. हार्लन! ज्यांच्या झेंड्याचा रंग बेलफोर्डकर घराच्या पडद्यालाही चालवून घेत नसत!

दुपारी शेजारचा ग्लेन न्हावी आला. "या गद्दाराचं तोंड बघत नाश्ता करू का मी?"

"पाकीट फाड आणि आतलं खा!"

"फाडतोच!"

गिऱ्हाईक तुटायला लागलं तेव्हा लॉर्नाने तोड काढली. काळ्या पेनने मिशा काढायच्या, म्हणजे ओळखू येणार नाही. दोघांनी दोनशे मिशा काढल्या. हात भरून आले. मग लॉर्नाने एक पाकीट लांब धरलं आणि किंचाळली.

"अरे देवा! हा तर हार्लनचा प्रशिक्षक दिसतोय!"

तेवढ्यात दार अंधारलं. थॅडियस वाकून आत आला. मिशांकडे बघून आधी गोंधळला, मग मान खाली घातली.

"सर, तुमचे पैसे परत द्यायला आलोय."

"पण गेलास कशाला?"

"मी आपणहून गेलो नाही, सर. माझ्या जागेवर बाहेरून दुसरा आणलाय. मला म्हणाले, बाकावर बस. बाकावर बसून कसला खेळाडू? हार्लनवाले मैदानात उतरवतायत."

ऑरविलने हातातलं पेन खाली ठेवलं. त्याच्या वेळी जायची सोयच नव्हती. शेवटचं अख्खं वर्ष त्याने बाकावर काढलं होतं. हे लॉर्नालाही त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"पैसे ठेव खिशात," तो म्हणाला. "लॉर्ना, मिशा पूस. नाही पुसल्या तर दोनशे पाकिटं आपण खाऊ."

थॅडियस गेला, गावाने महिनाभर नाकं मुरडली, पण सॉसेज चांगलं होतं म्हणून परत आलं.

ऑक्टोबरात हार्लनचा संघ बेलफोर्डला खेळायला आला. ऑरविल बेलफोर्डचाच सदरा घालून ग्लेनशेजारी बसला. पहिल्याच डावात थॅडियसने बेलफोर्डच्या एका धिप्पाड गड्याला उचलून असं आपटलं, की मैदान चिडीचूप झालं. त्या शांततेत एकटा ऑरविल उभा राहून टाळ्या पिटत होता.

ग्लेनने त्याची बाही ओढली. "वेडा झालास का? तो आपल्या माणसाला पाडतोय!"

"पाडतोय ना!" ऑरविलचे डोळे भरून आले होते. "बघ तरी, किती सुंदर पाडतोय!"