बाईसाहेबांची नजर

बाईसाहेबांच्या कानामागे गाठ आल्याचं आधी काकूंच्या लक्षात आलं. तिथपर्यंत ठीक होतं. पण ते त्यांनी नवऱ्याला, म्हणजे भिंगकाकांना सांगितलं, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

बाईसाहेब म्हणजे मांजर. पांढरी, लांब केसांची आणि अंगाने भारदस्त. ती भिंगकाकांच्या थोरल्या बहिणीची, अक्कांची. अक्का मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण ती निवृत्ती त्यांनी फक्त शाळेपुरती मान्य केली होती. मैत्रिणीकडे चार दिवस राहायला जाताना त्यांनी मांजर धाकट्या भावाच्या स्वाधीन केली, तेव्हा भिंगकाकांचा ऊर भरून आला. त्यांची स्वतःची साठी उलटली तरी अक्कांनी आजवर त्यांच्या हाती काचेची बरणीसुद्धा बिनघोरपणे दिली नव्हती.

"तिला काही झालं तर सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं," अक्का निघताना म्हणाल्या होत्या. "ती माझी विद्यार्थिनी आहे, मी सांगून ठेवलंय. तू स्वतःचं डोकं चालवायचं नाहीस."

"म्हणजे मला डोकंच नाही की काय?"

"आहे ना. म्हणून तर सांगतेय."

भिंगकाकांचं चष्म्याचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. आयुष्यभर लोकांचे डोळे तपासल्यामुळे त्यांचं असं मत झालं होतं की डोळे कळले की बाकीचं शरीर कळायला फारसं काही लागत नाही. डॉक्टरांनी दिलेलं कुठलंही औषध ते बरं वाटेपर्यंतच घेत. उरलेल्या गोळ्या चष्म्याच्या जुन्या डब्यांत जात आणि घरात कुणी शिंकलं की त्यातली एक डबी उघडली जाई. सध्या त्यांचा स्वतःचा घसा दुखत होता. गेल्या महिन्यात लघवीच्या जंतुसंसर्गासाठी मिळालेल्या गोळ्या तपकिरी डबीत शिल्लक होत्या, त्या त्यांनी घशासाठी सुरू केल्या होत्या. सकाळी एक, रात्री एक, आणि गरम पडू नये म्हणून वर पेलाभर दूध.

शिवाय डावी टाच दुखत होती, पण त्याचं कारण त्यांना ठाऊक होतं. आधी त्यांनी नव्या चपलांना दोष दिला. जुन्या चपला घातल्या तरी टाच दुखायची थांबली नाही, तेव्हा तो दोष फरशीकडे गेला.

गाठ बघून त्यांनी क्षणात निदान केलं. "जंतू. कुठल्यातरी बोक्याने बोचकारलंय. शेजारच्या कुत्र्याला मध्ये अशीच गाठ आली होती, त्याच्या गोळ्या असतील उरलेल्या."

"अक्कांनी डॉक्टरकडे न्यायला सांगितलंय," काकू म्हणाल्या.

"नेलं की अक्काला कळणार. कळलं की म्हणणार, चार दिवस सांभाळायला दिली तर आजारी पाडलीस. त्यापेक्षा ती यायच्या आत बरीच करून टाकू."

शेजारी मोटार चालवायला शिकवत. काका गोळी मागायला गेले तेव्हा ते घाईत होते. त्यांनी गोळी कोणासाठी, हे विचारलं नाही आणि काकांनीही सांगितलं नाही. घरी येऊन काकांनी गोळीचे दोन तुकडे केले. कुत्रा वासराएवढा होता आणि मांजर मांजराएवढी होती, म्हणून अर्धी. एवढा हिशोब त्यांना पुरेसा वाटला. काकूंनी बाईसाहेबांना टॉवेलात गुंडाळून धरलं, काकांनी जबडा उघडून तुकडा आत सरकवला. बाईसाहेबांनी डोळे मिटले, मान हलवली, गिळल्यासारखं केलं आणि ओठांवरून जीभ फिरवली.

"झालं!" काका म्हणाले. "यात डॉक्टरांनी काय वेगळं केलं असतं?"

"आधी कान बघितला असता," काकू म्हणाल्या.

थोड्या वेळाने शेजारी कुंपणाशी दिसले. "काय काका, बरा आहे का कुत्रा?"

"कोणता कुत्रा?"

"गोळी नेलीत तो."

"कुत्रा कुठला हो! आमच्या अक्काची मांजर."

शेजाऱ्यांनी सवयीने, ब्रेक दाबावा तसा उजवा पाय जमिनीवर दाबला. "मांजर? अहो, ती गोळी देताना डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं, तर घरात मांजर आहे का! कुत्र्याच्या मापाची गोळी मांजराच्या पोटात गेली तर डोळ्यांच्या आतला पडदा जाऊ शकतो म्हणाल्या. आंधळी होतात मांजरं!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "मग असल्या गोळ्या तुम्ही घरात ठेवल्याच कशाला?"

"कुत्रा बरा वाटला, म्हणून मध्येच बंद केल्या. महागाची औषधं, टाकवत नाहीत हो."

या मुद्द्यावर दोघांचं इतकं एकमत होतं की भांडण पुढे सरकेना. काका घरात धावले. वाटेत टाचेतून कळ आली, पण तिच्याकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती.

"उचला फोन आणि बोलवा डॉक्टरांना," सगळं ऐकून काकू म्हणाल्या.

"फोन केला की संध्याकाळच्या आत अक्काला कळेल."

"आणि नाही केला तर?"

"आधी खात्री तर करू दे! डोळे तपासणं हा माझा धंदा आहे."

बाईसाहेबांना दुकानातल्या उंच खुर्चीवर बसवण्यात आलं. अक्षरं न येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी काकांकडे वेगळा तक्ता होता, त्यावर तीन दातांचं एकच चिन्ह वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेलं होतं. तो त्यांनी भिंतीवर लावला आणि मागचा दिवा पेटवला. बाईसाहेबांनी त्याच्याकडे पाठ केली.

"बघ! दिवासुद्धा कळला नाही तिला!"

"तुमच्याकडे ती आल्यापासून पाठच करतेय."

मग विजेरी आली. बाहुल्या लहान झाल्या. काकूंना हायसं वाटलं, पण काकांनी मान हलवली. "बाहुली लहान होणं वेगळं आणि दिसणं वेगळं. त्यावरून काही सिद्ध होत नाही." त्यांनी पेटीतलं एक भिंग काढून बाईसाहेबांच्या डोळ्यासमोर हळूहळू फिरवलं. बाईसाहेबांनी पंजा मारून ते खाली पाडलं.

"दिसतंय की हो तिला!"

"वास आला असेल."

"काचेला?"

"माझ्या हाताला."

यानंतर काकांनी घरातल्या सगळ्या खुर्च्या, दोन स्टुलं आणि कपडे वाळत घालायचा घोडा मधल्या खोलीत वाटेल तसा मांडला आणि पलीकडच्या टोकाला दुधाची वाटी ठेवली. बाईसाहेब त्या पसाऱ्यातून कुठेही अंग न लागू देता सावकाश चालत गेल्या, दूध प्यायल्या आणि परत आल्या. काकू टाळी वाजवणार होत्या.

"मिशा," काका म्हणाले. "मिशांनी अंदाज घेतात मांजरं. आणि दुधाचा वास." हे बोलताना ते स्वतः मागे सरकले, स्टुलाला अडखळले आणि टाच धरून घोड्यावर कोसळले. तो आवाज ऐकूनही बाईसाहेबांनी तिकडे वळून पाहिलं नाही. "आता तर ऐकूही येईना!" काका खालून ओरडले.

"तुम्हाला ती आंधळी व्हायलाच हवी आहे का?" असं विचारून काकू चिडून आतल्या खोलीत निघून गेल्या.

काका जमिनीवरच बसून राहिले. समोर बाईसाहेब होत्या. काकांनी आपला हात तिच्या तोंडासमोर हलवला, अगदी जवळून. पापणी लवली नाही. पिवळे डोळे त्यांच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागलेले होते. त्यांना मनापासून भीती वाटली. आजवर अंधुक दिसणारी किती माणसं त्यांच्याकडे आली होती आणि भिंग बदलून ती हसत परत गेली होती. या डोळ्यांना लावायला पेटीत एकही भिंग नव्हतं, आणि हे आपल्या हाताने झालं असेल, ही गोष्ट त्यांना सहन होईना.

"अक्का काय म्हणायचं ते म्हणू दे," ते मोठ्याने म्हणाले. "चल, निघ! टोपली आण!"

कुंपणापाशी शेजाऱ्यांची गाडी उभी होती. चालकाच्या जागी त्यांची विद्यार्थिनी बसली होती, तिचा दुसराच दिवस होता. "बसा काका, सोडतो," शेजारी म्हणाले, आणि तिला म्हणाले, "घाई आहे, पण तुम्ही घाई करू नका." तिने अजिबात केली नाही. गाडी पहिल्या वळणावर बंद पडली, दुसऱ्या वळणावर बंद पडली, आणि तिसऱ्या वळणावर मागून येणाऱ्या सायकलवाल्याने खाली उतरून धक्का दिला. शेवटी काका टोपली छातीशी धरून खाली उतरले आणि लंगडत पळत सुटले. काकू गाडीतच राहिल्या. दोघं दवाखान्यात बरोबरच पोचली.

जनावरांच्या डॉक्टर तरुण होत्या. काकांनी एका दमात सगळा कबुलीजबाब दिला आणि गोळीचं पाकीट पुढे केलं. त्यांनी गोळी कधी दिली, किती दिली, एवढंच विचारलं आणि बाईसाहेबांना टेबलावर घेतलं. खोलीत अंधार करून दोन्ही डोळे आतून पाहिले. कापसाचा बोळा समोरून खाली सोडला, तेव्हा बाईसाहेबांची नजर त्याच्याबरोबर खाली गेली. मग त्या कानामागचे केस बाजूला करू लागल्या आणि गळ्याखाली त्यांचा हात थांबला.

"ही तुमची का?"

त्यांच्या बोटांत केसांना चिकटलेला, अर्धवट विरघळलेला गोळीचा तुकडा होता.

"गिळली नाहीच तिने," डॉक्टर म्हणाल्या. "चाटणाइतकी गेली असेल पोटात. दिसतंय तिला, अगदी स्वच्छ दिसतंय."

"मग माझ्याकडे बघत का नव्हती?"

"मांजर आहे ती, काका."

गाठीत पू होता. तो त्यांनी काढला आणि जखम धुतली. "औषध लागलंच तर मी देईन, तिचं वजन बघून. दुसऱ्याच्या गोळीचे तुकडे करायचे नाहीत. या वेळी तिच्या हट्टीपणामुळे निभावलं."

काकांना इतका आनंद झाला की ते खुर्चीवरून टुणकन उठले, "आई गं!" म्हणाले आणि परत बसले.

"टाचेला काय झालं?"

"काही नाही. फरशी."

"फरशी?" डॉक्टरांनी पाकीट हातात घेतलं, मग काकांच्या टाचेकडे पाहिलं. टाचेच्या मागे सूज होती. "काका, तुम्ही स्वतः सध्या काही घेताय का?"

"घशासाठी आपलं घरातलंच." मग काकांनी खिशातून तपकिरी डबी काढली.

डॉक्टरांनी डबीतल्या गोळ्यांचं नाव वाचलं आणि डबी कुत्र्याच्या गोळीच्या पाकिटाशेजारी ठेवली. "हे सिप्रोफ्लोक्सासिन आहे. कुत्र्याचं एनरोफ्लोक्सासिन. दोन्ही एकाच कुळातली औषधं. या कुळातल्या औषधांनी माणसांची टाचेमागची शीर सुजते, कधी तुटतेसुद्धा. साठीनंतर जास्त."

"पण मी तर माणसाचीच गोळी घेतली!"

"घशासाठी कुणी दिली तुम्हाला?"

काकांनी छताकडे पाहिलं.

"वरून दूध पितात," काकूंनी माहिती पुरवली.

"दुधाने औषध धड लागू पडत नाही. म्हणजे घशाला उपयोग नाही, आणि टाचेला त्रास आहेच." डॉक्टरांनी डबी बंद करून काकूंच्या हाती दिली. "मी माणसांची डॉक्टर नाही. पण पुढची गोळी घेऊ नका, या पायावर भार देऊ नका आणि इथून थेट तुमच्या डॉक्टरांकडे जा. आज तुम्ही पळाला वगैरे नाहीत ना?"

यावर काका काही बोलणार, तेवढ्यात दार उघडलं आणि अक्का आत आल्या.

"हिला कुणी सांगितलं?" काका पुटपुटले.

"मी," काकू म्हणाल्या. "तुम्ही खुर्च्या मांडत होतात तेव्हा."

अक्कांनी टेबलावरची मांजर पाहिली, खुर्चीतला भाऊ पाहिला. "काय झालंय?"

"मांजर घरी न्या, बाई," डॉक्टर म्हणाल्या. "भावाला दवाखान्यात न्यायचंय."

माणसांच्या डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली आणि शीर सुजली आहे, तुटलेली नाही, असं सांगितलं. आणखी एकदा पळाला असतात तर सांगता आलं नसतं, असंही म्हणाले. घसा साध्या सर्दीचा होता, त्याला कुठलीच गोळी लागत नव्हती. गेल्या महिन्यातला औषधाचा क्रम अर्धवट सोडला, हे कळल्यावर त्यांनी जे ऐकवलं ते अक्कांनी मान डोलवत ऐकलं, कारण त्यांना त्यात काही घालायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगकाका उशीवर पाय ठेवून कोचावर पडले होते. अक्कांनी चष्म्याच्या सगळ्या डब्या उघडून त्यांतल्या गोळ्या एका पिशवीत ओतल्या होत्या आणि काकू ती पिशवी औषधाच्या दुकानदाराकडे नेऊन द्यायला निघाल्या होत्या. तू हिंडूफिरू लागेपर्यंत मी इथेच राहते, असं अक्कांनी सकाळी जाहीर केलं होतं. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर बाईसाहेब बसल्या होत्या. काकांनी कूस बदलली, की नजर त्यांच्याबरोबर फिरे. त्यांनी पाण्याच्या पेल्याकडे हात नेला, तरी नजर हाताबरोबर जाई. काल दिवसभर जिच्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं, ती नजर आज क्षणभरही दुसरीकडे वळायला तयार नव्हती.

"अक्का," शेवटी ते स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "हिला जरा दुसरीकडे बघायला सांग गं!"

"मुळीच नाही," आतून उत्तर आलं. "मीच बसवलंय तिला तिथे. मी आत असताना तुला कोणाच्या तरी भरवशावर सोडायला नको?"