बाईच्या हातांकडे बघ

परबकाका नाटकाला गेले की नायकाकडे बघतच नाहीत. नायक ऊर बडवून रडत असतो आणि काका कोपऱ्यात भाजी निवडणाऱ्या त्याच्या बायकोवर पाळत ठेवून असतात. बत्तीस वर्षं पोलिसात हवालदारी केली, त्यामुळे संशय हाडीमाशी खिळलेला. आमच्या लालबागच्या चाळीत दूधवाला जरा हसून बोलला, तरी काका दुधाची पिशवी उजेडात धरून बघतात.

"शोकांतिकेत बाप्ये नुसते बोंबलतात रे," ते म्हणतात. "गुंता करते ती बाई. तिच्या तोंडाकडे बघू नको, हातांकडे बघ."

दादरला एकदा पहिल्याच अंकात ते शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणाले, "सुनेवर लक्ष ठेवा. हीच घर बुडवणार." मध्यंतरानंतर सुनेने खरंच घर बुडवलं. त्या बाई उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या.

यंदा चाळीचं नाटक मी लिहिलं. दोन भावांचा अबोला. धाकटा मरणाच्या दारात, 'भेटायला ये' अशी त्याची चिठ्ठी येते. नवऱ्याला त्रास नको म्हणून थोरल्याची बायको ती तांदळाच्या डब्यात लपवते आणि भेट कायमची राहून जाते. चोरी नीट जमलीय का, हे बघायला मी काकांनाच तालमीला बोलावलं.

बायकोचं काम करणाऱ्या सुषमाने चिठ्ठी डब्यात खुपसली, झाकण लावलं. थोरला समोरच चहा पीत होता. काका ताडकन उठले.

"थांबा! हा बघत का नाय?"

"चहा पितोय, काका."

"चहा पिताना डोळे फुटतात काय मेल्याचे? बघू दे रे त्याला एकदा."

मी हसलो. "त्याने बघितलं तर नाटक तिथेच संपेल की!"

"संपू दे!"

काका खाली बसले.

"आमच्या हिने डब्याचं झाकण लावलं, तेव्हा मी असाच चहा पीत होतो. आत हिच्या दुखण्याचे, हॉस्पिटलचे कागद होते. पोरीचं लग्न होईपर्यंत मला कळू नये म्हणून. लग्न झालं, तोवर उशीर झाला होता. सगळ्या दुनियेची झडती घेतली रे मी. हिच्या हातांकडे नाय बघितलं."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. सुषमाने मात्र मुकाट्याने डबा उघडला, चिठ्ठी बाहेर काढली आणि थोरल्याला म्हणाली, "परत घेऊया. ह्या वेळी बघ माझ्याकडे."

त्याने बघितलं. कप खाली ठेवून तिचा हात धरला. त्या दिवशी आमची शोकांतिका पहिल्याच अंकात संपली, आणि परबकाका एकटेच किती तरी वेळ टाळ्या वाजवत राहिले.